फक्त वरच्या रकमेवर

९ ऑक्टोबर, शिक्षकांच्या खोलीतून

छोटे,

सप्रेम, सविनय, खुशाली वगैरे काही लिहीत नाही. मी खुशाल नाही आणि तू असशील असं मला वाटत नाही. आज इन्स्पेक्टरने तुझा जबाब वाचून दाखवला. 'माझी थोरली बहीण पहिल्यापासून तापट आहे. तिला माझा संसार बघवत नाही. माझे पती आजारी मुलीला घरी न्यायला शाळेत गेले असता तिने कारण नसताना त्यांच्यावर हल्ला केला.' खाली तुझी सही आहे. सही तुझीच, पण भाषा तुझी नाही. 'गेले असता' असं तू जन्मात कधी बोलली नाहीस. तो बोलत होता आणि तू मान हलवत होतीस, हे मला तिथे न बसताही दिसलं.

मी तापट आहे हे खरं. त्या कागदावर तेवढंच खरं आहे.

तू वर्गात नव्हतीस, म्हणून काय झालं ते मी सांगते. त्याने तुला काय सांगितलं असेल त्याची कल्पना आहे. चोराच्या उलट्या बोंबा मी त्या घरात पुष्कळ ऐकल्यात.

दहावीला मी दरवर्षी प्राप्तिकर काढायला शिकवते. पुस्तकात त्याचा धडा आहे, पण पुस्तकातून शिकवला तर पोरं झोपतात. म्हणून मी काचेच्या तीन बरण्या आणि एक बादली पाणी आणते. बादलीतलं पाणी म्हणजे माणसाचा वर्षाचा पगार. पहिली बरणी भरेपर्यंत सरकार हात लावत नाही. ती भरून उरलेलं पाणी दुसऱ्या बरणीत, आणि त्यातल्या दर दहा पेल्यांतला एक सरकारचा. तीही भरली तर उरलेलं तिसरीत, तिथे दहातले तीन. मग मी विचारते, "तिसऱ्या बरणीत पाणी पडलं म्हणून पहिल्या बरणीतलं कमी झालं का?" सगळा वर्ग ओरडतो, "नाही!" बस, एवढीच गंमत आहे. जास्तीचा दर फक्त वरच्या रकमेवर लागतो, सगळ्या पगारावर नाही. यंदा विज्ञानाचे सर मागे उभे होते. तास संपल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, मला आजवर वाटायचं सगळ्यावर लागतो." डोक्याचे केस पिकले त्यांचे, आणि पोरांना गुरुत्वाकर्षण शिकवतात!

कोणाच्या घरचा पगार मी विचारत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी टोपीत चिठ्ठ्या टाकते, नर्स, न्हावी, वकील, बसचालक, आणि ज्याच्या हाती जी चिठ्ठी येईल त्याने त्या माणसाचा कर काढायचा. तुझ्या लेकीला नर्स आली होती. भिंगरीने ती चिठ्ठी शेजारणीला देऊन टाकली आणि वहीत लिहिलं, 'फोरमन, काचकारखाना'. मी ते पाहिलं, आणि मला हसू आलं. तू म्हणशील, तेव्हाच थांबवायचं होतंस. का थांबवू? पोरीने गणित सोडवायला घेतलं होतं, सुरुंग लावायला नाही.

तुझ्या मिस्त्री नवऱ्याने सात वर्षं फोरमनची जागा नाकारली, ही गोष्ट आपल्या सगळ्या नातेवाइकांना तोंडपाठ आहे. घरी कोणी आलं की त्याचं सुरू. "सहा लाखांच्या वर गेलात की तीस टक्के, तेही सगळ्यावर! म्हणजे पगार वाढणार आणि हातात कमी येणार. मिस्त्री दूधखुळा नाही सरकारला पोसायला." तू एकदाच म्हणालीस, अहो, कोणाला विचारून तरी बघा. त्यानंतर तुझं मनगट दीड महिना प्लास्टरमध्ये होतं आणि मला तू सांगितलंस की बाथरूममध्ये पाय घसरला. मी मान हलवली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून मी तेव्हा गप्प बसले. आता बसणार नाही.

त्या शनिवारी जेवायला कोण कोण होतं ते तुला माहीत आहे. तूच वाढत होतीस. कारखान्यातले दोन फिटर आणि तो फोरमन, जो एके काळी तुझ्या नवऱ्याच्या हाताखाली पाना धरायचा. मिस्त्रीने आपली नेहमीची फुशारकी मारली, आणि भिंगरी उठून बरण्या म्हणून तीन पेले आणि पाण्याचा जग घेऊन आली. तिने बाबांच्या पगाराचं पाणी ओतून दाखवलं. मग फोरमनच्या पगाराचं. मिस्त्रीच्या हातात कर जाऊन पाच लाख एकसष्ट हजार येतात. फोरमनच्या हातात सहा लाख चाळीस. फोरमन खोकेपर्यंत हसला, म्हणाला, "मिस्त्री, म्हणजे सात वर्षं ही खुर्ची तुम्ही मला फुकट दिलीत! पाया पडू द्या की!" फिटरही हसले. आणि माझी गुणी विद्यार्थिनी, तिने फरकाला सातने गुणलं. "साडेपाच लाखांच्या वर गेले, बाबा."

भिंगरी म्हणते, बाबाही हसले. सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले.

पाहुणे गेल्यावर त्याने बाथरूममध्ये बादली भरली आणि पोरीचं डोकं तिच्यात दाबलं. वर काढायचा, विचारायचा, "भरली का पहिली बरणी?" पुन्हा दाबायचा. "दुसरी भरली का?" तू दाराशी उभी होतीस असं ती म्हणते. रागाने म्हणत नाही. भिंत कुठे होती, दार कुठे होतं, तशी तू कुठे होतीस ते सांगते.

सोमवारी शाळेत जायचं नाही असं त्याने बजावलं होतं. ती आली. आणि तिसऱ्या तासाला तो तिच्यामागे आला, हातात पाना घेऊन. दार वाजवलं नाही, काही बोलला नाही. आधी माझ्या टेबलावरच्या बरण्या त्याने पान्याने फोडल्या, तिन्ही, एकेक करून. मग भिंगरीची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिला बाकावरून खाली ओढलं. फरशीवर काच होती आणि तो तिला त्या काचेवरून दाराकडे ओढत होता. मी म्हटलं, "सोडा तिला." पुन्हा म्हटलं. मग फळ्याला टेकवलेला मोठा लाकडी कंपास उचलला आणि त्याच्या कोपरावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला. तरी त्याने वेणी सोडली नाही. दुसरा फटका मी तोंडावर मारला. भुवई फुटली, आणि तेव्हा सोडली.

तिसऱ्या फटक्याची गरज नव्हती. तो खाली पडला होता आणि पाना बाकाखाली गेला होता. तो तिसरा मी घातलाच. मला बरं वाटलं, छोटे. तुझ्या मनगटासाठी बरं वाटलं.

आता तीस तारखेला कोर्टात तुला पुन्हा उभं करणार आहेत. तू जर तोच जबाब दिलास, तर आता माझ्याकडे असलेली भिंगरी बापाच्या ताब्यात जाईल. माझी नोकरी जाईल, कदाचित मी तुरुंगातही जाईन, ते मी बघून घेईन. पण ती पोर त्या बादलीपाशी परत जाता कामा नये. आणि तूही त्या घरात राहता कामा नयेस. एवढंच मागते. कोर्टात खरं सांग, आणि त्याआधी त्या घरातून बाहेर ये.

ताई


१५ ऑक्टोबर, घरून

छोटे,

तुमच्या खाली राहणाऱ्या शिंपीणबाईंनी तुझी चिठ्ठी आणून दिली. 'पत्र पाठवू नकोस. भिंगरीला परत पाठव. ते आता शांत आहेत.' बस. मी पानंच्या पानं लिहिली आणि तू तीन वाक्यांत वाटेला लावलंस. पालथ्या घड्यावर पाणी.

ते शांत आहेत कारण त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. डावा हात शिकायला वेळ लागतो.

मला शाळेने घरी बसवलंय. चौकशी पूर्ण होईपर्यंत वर्गात पाऊल टाकायचं नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तुम्ही कर शिकवायचा, लोकांचे संसार नव्हे." मी म्हटलं, "सर, कर संसाराच्याच पैशातून भरतात." त्यांनी चष्मा पुसला. पालकांची बैठक झाली. एक बाप उठून म्हणाला, उद्या आमची पोरंही घरी येऊन आम्हाला अक्कल शिकवतील. दुसरी एक आई म्हणाली, माझ्या मुलाने मला माझा कर काढून दिला, जास्त कापला होता तो परत मिळतोय, पोरांचा धडा तेवढा पूर्ण करा. म्हणून आता दुपारी मुलं माझ्या घरी येतात. बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने बसतात. भिंगरी त्यांना पाणी ओतून दाखवत नाही. ती फळ्यावर आकडे लिहून शिकवते, माझ्यापेक्षा बरं शिकवते.

पोर कशी आहे हे तू विचारलं नाहीस, तरी सांगते. गुडघ्यांतली काच काढली. डावा कान वाहतो, डॉक्टर म्हणतात पाणी आत साचून पिकलाय. केस धुवायला तयार नाही. काल मी जबरदस्ती केली, तर तिने माझा हात चावला, रक्त निघेपर्यंत. मग तिने स्वतःच पट्टी बांधून दिली आणि म्हणाली, "मावशी, सॉरी." मी म्हटलं, "चाव, काही होत नाही." पण मला राग आला होता. एक क्षण माझाही हात उठला होता, खोटं कशाला सांगू?

परवा माझ्या खिडकीवर दगड आला. त्याच्या कारखान्यातल्या कोणी टाकला असेल. मी तो दगड घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत धावत गेले. कोणी सापडलं नाही, हे त्यांचं नशीब.

तू बाहेर ये. मी न्यायला येऊ का? फक्त 'ये' एवढं लिही.

ताई


२१ ऑक्टोबर

छोटे,

उत्तर नाही. शिंपीणबाई म्हणतात, तू आता खाली उतरतच नाहीस. म्हणतात, तो कामावर किंवा दवाखान्यात जाताना बाहेरून कुलूप लावतो. रविवारी वरून भांडी पडल्यासारखा आवाज आला आणि मग बराच वेळ काहीच नाही. त्या मशीन थांबवून ऐकत बसल्या होत्या. "काहीच ऐकू येत नाही ना, तेव्हा जास्त भीती वाटते," म्हणाल्या. त्यांना मी काय म्हणाले ते लिहायला लाज वाटते. मी म्हटलं, "मशीन थांबवून ऐकत बसता, वर जाऊन दार का नाही वाजवत?" बाई रडायला लागल्या. त्यांना दोन मुलं आहेत आणि नवरा नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तिथे एकट्या तुलाच नाही.

पोलिसांकडेही मी गेले होते. इन्स्पेक्टर म्हणाला, "बाई, तुमच्याविरुद्ध तुमच्या बहिणीचा जबाब आहे, आणि तुम्हीच तिच्यासाठी तक्रार घेऊन येता. आम्ही समजायचं काय?" मी म्हटलं, घरी जाऊन तिचं तोंड बघा, सगळं समजेल. हवालदारीणबाई जाऊन आल्या. तू दाराच्या फटीतून सांगितलंस, सगळं ठीक आहे, डोळ्याला माशी चावली.

माशी! छोटे, निदान खोटं तरी नीट बोलायला शिक. लहानपणी साखर खाऊन तोंड न पुसता 'मी नाही खाल्ली' म्हणायचीस, त्यात अजून सुधारणा नाही.

तुला काय वाटतं ते मला माहीत आहे. तू मार मोजतेस. थोबाडीत म्हणजे काही नाही, ते चालतं. केस धरले तर वाईट, पण तेवढ्यापुरतं. हाड मोडलं तर मग बघू. तुझ्या मनात एक रेषा आहे, तिच्या आत असेल ते सगळं माफ. आणि दरवेळी तूच ती रेषा थोडी पुढे सरकवतेस. पोरीचं डोकं बादलीत गेलं तेव्हाही ती पुढेच सरकली. मी तुला बजावून ठेवते, आता रेषा मी आखणार.

तू 'ये' लिहिलं नाहीस. मी लिहिण्याची वाट बघणार नाही.

ताई


२७ ऑक्टोबर, बाहेरच्या खोलीतून

छोटे,

तू भिंतीपलीकडे आहेस आणि मी तुला पत्र लिहिते आहे. तू माझ्याशी बोलत नाहीस, माझ्याकडे बघत नाहीस, मी दिलेलं ताट तसंच परत येतं. म्हणून हे दाराखालून आत सरकवते. वाच किंवा फाड.

परवा जे झालं त्याबद्दल मला तुझ्याशी वाद घालायचा नाही, पण तुला ते जसं वाटतं तसं ते नव्हतं.

तो प्लास्टर तपासायला दवाखान्यात गेला होता. शिंपीणबाईंनीच फोन केला, बघ, त्यांनीच केला. मी आमच्या हस्तकलेच्या सरांना हातोडा घेऊन बरोबर घेतलं. बिचारे पोरांना पुठ्ठ्याची घरं करायला शिकवतात, जिन्यात म्हणाले, "बाई, हे बेकायदेशीर आहे का हो?" मी म्हटलं, "आहे. मारा." चौथ्या घावाला कुलूप पडलं.

तू खाटेच्या पायाशी जमिनीवर बसली होतीस. तुझा डावा डोळा पूर्ण मिटला होता, आणि ओठ शिवायला हवा होता पण शिवलेला नव्हता. मला बघून तुला रडू येईल असं वाटलं होतं. तू म्हणालीस, "ताई, जा. ते आता येतील. जा ना." मी तुझा हात धरला. तू दुसऱ्या हाताने खाटेचा पाय पकडलास. मी ओढलं. तू सोडला नाहीस. सर म्हणाले, "बाई, त्यांना नको असेल तर..." मी त्यांना गप्प बसवलं. मग मी तुझी बोटं एकेक करून खाटेवरून सोडवली. करंगळी मोडली तेव्हा मला कळलं, पण मी थांबले नाही. थांबले असते तर तो आला असता. तू सांग, थांबायला हवं होतं?

जिन्यात तू पायऱ्यांवर बसलीस, तुला आम्ही उचललं. गाडीत तू ओरडायला लागलीस, रस्त्यावरची माणसं बघायला लागली, म्हणून मी तुला थोबाडीत दिली. एकच दिली. त्यानंतर तू गप्प झालीस आणि अजून गप्पच आहेस.

मी आयुष्यात तुला पहिल्यांदा मारलं. आई गेल्यावर तुला मी वाढवलं, कधी चिमटाही काढला नाही. हे मी माफी मागायला लिहीत नाही. तू जिवंत आहेस, आणि त्या एका थपडेचं काय ते मी सोसेन.

दाराला बाहेरून कुलूप आहे ते त्याच्यामुळे आहे. तो आला आणि तू भुलून गेलीस तर? तू जाशील, मला माहीत आहे. आधी तीनदा गेली आहेस. एकदा तर मी पोळी भाजत होते तेवढ्यात चप्पल न घालता गेलीस. तीस तारखेपर्यंतचा प्रश्न आहे. तू कोर्टात खरं सांगितलंस की मी स्वतः कुलूप काढीन. काल रात्री दाराला आतून लाथा मारत होतीस, भिंगरी झोपली नाही. तिला उद्या चाचणी परीक्षा आहे. मार, पण दिवसा मार.

भात आणि आमटी ठेवली आहे. करंगळीला फळीची पट्टी बांधून घे, मी आत येऊन बांधू दिली नाहीस तर निदान स्वतः बांध. कापूस ताटात आहे.

ताई


२९ ऑक्टोबर

छोटे,

हे पत्र नीट वाच.

आज दुपारी मुलं गेल्यावर भिंगरी फळा पुसत होती. चाचणीत तिला पैकीच्या पैकी मिळाले, माझ्या जागी आलेल्या नव्या सरांनीच पेपर तपासला, तेव्हा माझी मेहरबानी नाही. मी तिला शाबासकी दिली आणि म्हटलं, उद्या आईने कोर्टात खरं सांगितलं की तू आणि आई इथेच राहाल. तिने डस्टर खाली ठेवलं आणि तुझ्या दाराकडे बघत म्हणाली, "मावशी, तिथेही कुलूप बाहेरूनच होतं."

बोलायचं तर मी सांगू शकले असते की तो आणि मी सारखे नाही. तो मारण्यासाठी कोंडतो, मी वाचवण्यासाठी. हे सगळं माझ्या ओठांवर होतं. पण माझा हात उठला, छोटे. पोरीवर, वर, उघडा हात.

तिने डोकं झाकलं नाही. मागे सरकली नाही. तिने डोळे मिटले, गाल फुगवले आणि श्वास रोखून धरला.

माझा हात तिला लागला नाही, पण तो खाली कधी आला ते मला आठवत नाही. मी तिला जवळ घेतलं तरी तिचा श्वास सुटेना. "सोड, बाळा, सोड ना," म्हणत मी तिची पाठ चोळत होते. शेवटी सुटला, आणि मग आम्ही दोघी फळ्याखाली बसून रडलो. तू आतून ऐकलं असशील. तुझ्या दारापाशी काहीतरी हललं असं मला वाटलं. मी उठून आले नाही.

मला माफ कर. तिसऱ्या फटक्याबद्दल नाही, त्याबद्दल मला अजूनही वाईट वाटत नाही आणि न्यायाधीशांनी विचारलं तर मी तेच सांगेन. तुझ्या करंगळीबद्दल माफ कर, त्या थपडेबद्दल, आणि या दाराबद्दल. तुला त्या घरातून काढायचं म्हणता म्हणता मी त्याच घराची एक खोली माझ्याकडे उघडली. मला तुझी भीती वाटत होती, म्हणजे तू पुन्हा जाशील याची. ती अजूनही वाटते. आत्ता तर फारच वाटते आहे.

कारण तो खाली आहे. सकाळपासून कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पायरीवर बसला आहे. दाढी केली आहे, धुतलेला शर्ट घातला आहे, हात गळ्यात अडकवला आहे, आणि दर थोड्या वेळाने तुझ्या खिडकीकडे बघून मान खाली घालतो. तू पडद्याआडून बघते आहेस हेही मला माहीत आहे. पोलिसांना फोन केला. ते म्हणाले, रस्ता सार्वजनिक आहे, बसू दे. तो तुला काय म्हणणार ते मी तुला शब्दन् शब्द सांगू शकते, आणि तूही मला सांगू शकशील. तरीही मी हे करते आहे, कारण आता नाही केलं तर माझ्याने कधीच होणार नाही.

किल्ली या कागदात गुंडाळली आहे. कुलूप मी आधीच काढून दाराबाहेर ठेवलंय, ते तुझ्याकडे असू दे, हवं तर आतून लाव. भिंगरी तिच्या मैत्रिणीकडे गेली आहे, आजची रात्र तिथेच राहील. तू काहीही ठरवलंस तरी ती त्याच्याकडे जाणार नाही. ते एक मी तुझ्यावर सोडलेलं नाही. बाकी सगळं सोडलं. उद्या कोर्टात काय बोलायचं तेही.

मी दाराशी उभी नाही. मी खाली, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले आहे. तू उतरलीस तर मी बाजूला सरकून तुला वाट देईन, तू कुठेही निघालेली असलीस तरी. तो चढायला लागला तर मी सरकणार नाही.

ताई